पाचवी मुद्रा

एकदा एका राज्यात दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागली आणि एकोणीस माणसे जळून गेली. आग लागली की कोणी लावली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण सारी राजधानी भयभीत झाली होती, आणि भ्यालेल्या नगराला उत्तर लगेच हवे असते. राजाच्या शिपायांनी डोंगरातून कोळसा विकायला येणारा एक मनुष्य धरून आणला. आठच दिवसांत अमात्यांनी नवा कायदा लिहून काढला. राज्याला धोका असेल तेव्हा, जीव जाणार नाही एवढी काळजी घेऊन, बंदिवानाला हवी ती पीडा देता येईल, असा तो कायदा. प्रजेच्या मनात किंतू राहू नये म्हणून त्याखाली राज्यातल्या पाच मठांची संमती हवी होती. चार मठांच्या मुद्रा उमटल्या. पाचवा मठ नदीपलीकडे राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांचा होता.

त्यांचा एक शिष्य होता, मोठा व्यासंगी. जळालेल्या एकोणिसांत त्याचा थोरला भाऊ सटवाजी होता. तो कोठारावर पहारेकरी होता. त्याचा देह आईला दाखवण्याजोगा उरला नव्हता. शिष्याने तीन दिवस पोथ्या धुंडाळल्या, दंडाचे समर्थन करणारी सगळी वचने एका कागदावर उतरवली आणि तो कागद आचार्यांपुढे ठेवला.

"गुरुजी, शास्त्राचा आधार आहे. आपण मुद्रा उमटवावी."

आचार्यांनी कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. मग अमात्यांनी धाडलेली कायद्याची प्रत त्याच्या हाती देत ते म्हणाले, "एक काम कर. बंदिखान्यात जा आणि ज्याच्यासाठी हा कायदा केला आहे, त्याला तो वाचून दाखव. समजला का, विचार. मग परत ये."

शिष्याला हे चमत्कारिक वाटले, रागही आला. ज्याने आपला भाऊ जाळला, त्याला कायदा कसला समजावायचा? पण गुरूंची आज्ञा मोडवेना. तो गेला.

कोळसेवाला भिंतीला टेकून बसला होता. त्याचे नाव लिंबाजी. दोन्ही हात त्याने मांडीवर उताणे ठेवले होते, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. पाच बोटांना नखे नव्हती. कायदा अजून व्हायचा होता. काम आधीच सुरू झाले होते.

शिष्याने पहिल्या ओळी खणखणीत वाचल्या. 'जीव जाणार नाही एवढी काळजी' या शब्दांपाशी त्याचा आवाज अडखळला. तरी त्याने शेवटपर्यंत वाचले.

"समजलं?"

"समजलं, महाराज," लिंबाजी घाईघाईने म्हणाला. "तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. मी तसंच म्हणतो."

"मला काही नको. आग तू लावलीस?"

"लावली."

"कशानं?"

लिंबाजी गोंधळला. "कशानं लावली म्हणू?"

शिष्याने हातातला कागद खाली केला. ते पाहून तो मनुष्य अधिकच घाबरला. "सोबत्यांची नावं दिलीत, महाराज. वाण्याचं दिलं, नावाड्याचं दिलं. आणखी पाहिजेत म्हणाले, तेव्हा सटवाजी पहारेकऱ्याचंही दिलं."

शिष्य त्याच्यासमोर खाली बसला. "त्याचं का?"

"या गावात मला नावानं ठाऊक असलेली माणसं ती किती! कोठारावरून जाताना तो मला पाणी पाजायचा. तेवढंच नाव उरलं होतं."

शिष्य मठात परतला तो पायरीवरच बसला. आचार्य त्याच्या शेजारी येऊन बसले.

"गुरुजी, आपण मागू ते तो बोलतो. त्यानं माझ्या भावाला फितूर ठरवलं. आपल्याला हे ठाऊक होतं?"

"नव्हतं," आचार्य म्हणाले. "आणि तो निर्दोष आहे, असंही मी म्हणत नाही. आग त्यानंच लावली असेल. पण त्यानं सगळं खरं सांगितलं असतं, तरी मी मुद्रा उमटवली नसती. अपराध्याला बांधावं, त्याचा न्याय करावा, शिक्षा द्यावी. ते राजाचं काम. पण ज्याच्यापुढे आपण रोज सकाळी हात जोडतो, तो त्याच्याही देहात वसतो. तो देह पिळायचा आणि खाली देवाचं नाव लिहायचं, हे माझ्यानं होणार नाही. तुझी वचनं खोटी नव्हती. माणसाचं तोंड न पाहता तू ती उतरवली होतीस, म्हणून तुला पाठवलं."

दुसऱ्या दिवशी नकाराचे पत्र घेऊन शिष्यच अमात्यांकडे गेला. अमात्यांनी ते वाचले, शांतपणे घडी घातली आणि फितुरांची यादी त्याच्यापुढे सरकवली.

"तुमच्या बंधूंचं नाव आहे यात. मठाची मुद्रा आली, तर मी ते आत्ता खोडतो. नाही आली, तर उद्या चावडीवर वाचलं जाईल. आपल्या मातोश्री आहेत ना अजून?"

शिष्याने यादीतले ते नाव वाचले. आई रोज दुपारी दाराशी बसते, येणारेजाणारे तिची विचारपूस करतात, हे त्याच्या डोळ्यांपुढे आले.

"हे नाव खोटं आहे, हे आपल्यालाही ठाऊक आहे," तो म्हणाला. "मग बाकीची कशावरून खरी? खोडायची तर अख्खी यादी खोडा."

यादी खोडली गेली नाही. पाचवीवाचूनच, चार मुद्रांवर कायदा झाला. सटवाजीचे नाव चावडीवर वाचले गेले. शिष्याने आईला आदल्या संध्याकाळीच सगळे सांगितले होते. शेजारणी तिच्या दाराशी थांबेनाशा झाल्या. आणि सगळी काळजी घेऊनही कायदा झाल्यापासून अकराव्या दिवशी लिंबाजी मेला.

त्याचे प्रेत न्यायला कोणीच आले नाही, तेव्हा शिष्य गेला. कारकुनाने वही उघडून विचारले, "मयताचे तुम्ही कोण?"

"लिहा, भाऊ," शिष्य म्हणाला.

त्याच्या मागोमाग येऊन दाराशी उभ्या असलेल्या आचार्यांनी ते ऐकले. पुढे होऊन त्यांनी तिरडीची एक बाजू खांद्यावर घेतली.