वारुळाचा प्रश्न

एका राज्यात मेघकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्याने मेजवानीसाठी रानातली शेवळे, ही पावसाळी रानभाजी, कंदासकट खणून आणवली. रानाचा मांत्रिक कोपला आणि त्याने शाप दिला. राजकन्या कनकरेखा पायांपासून वर लाकूड होऊ लागली. उतारा एकच : शेवळाचा कोंब, भारंगीचा पाला आणि वारुळावरची अळंबी, यांचे कालवण. ज्यांनी कंद खणले होते तेच सात शिपाई ते आणायला गेले. एकही परतला नाही.

मग ठकूबाई निघाली. जिने राजकन्येला अंगावर पाजले ती दाई. रानभाजी तिला नुसत्या बोटांनी ओळखू येई. तिकडे साल राजकन्येच्या छातीला भिडली होती.

रानाच्या वेशीवर धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "बाई, शेवळाचा कंद हलवू नकोस. भारंगी खुडताना मागे पाहू नकोस. वारुळापाशी खोटे बोलू नकोस."

तिने शेवळाभोवतीची माती नखाने उकरली. खाली कंद काळजासारखा धडधडत होता. श्वास रोखून तिने वरचा कोंब तेवढा कापला.

भारंगी खुडताना मागून राजकन्येची हाक आली, "दाई, मला उचलून घे ना!" पावले जवळ आली. मानेवर गार श्वास लागला. ठकूबाईने पदर दातांत धरला, पाला ओटीत भरला, मान वळवली नाही.

वारुळावर माणसाच्या डोक्याएवढ्या सात अळंब्या उगवल्या होत्या. प्रत्येकीच्या छत्रीखाली दोन डोळे उघडे होते.

वारुळातून मांत्रिकाचा आवाज आला, "तू कधी कंद उपटलास?"

नाही म्हणावे, असे ओठांवर आले. होय म्हटले तर आठवी अळंबी आपणच, हे तिला दिसत होते.

"उपटला," ती म्हणाली. "दुष्काळात डोंगराची अख्खी उतरण उकरली, माझ्या लेकरासाठी. लेकरू राहिले नाही."

मुंग्या तिच्या गुडघ्यांपर्यंत चढल्या. तिथेच थांबल्या.

"ती उतरण मला अजून ठणकते," मांत्रिक म्हणाला. "हे साती शिपाई मला खोटेच 'नाही उपटला' म्हणाले. तुझ्या पायाशी उगवली आहे, ती खूड. जा."

पायाशी बोटाएवढी पांढरी अळंबी होती.

राजवाड्यात कालवण शिजले. रिवाजाप्रमाणे पहिला घास रांधणारीचा. मांत्रिकाची अळंबी विषारीही असू शकत होती. ठकूबाईने डोळे मिटून तो गिळला आणि मरणाची वाट पाहिली. मरण आले नाही. तोवर साल राजकन्येच्या गळ्याशी पोचली होती. दाईने तिच्या ओठांत कालवण चमचा चमचा सोडले. सुकल्या चिखलासारखी साल तडकली, गळून पडली.

"दाई," कनकरेखा म्हणाली, "फार तिखट झाले आहे गं."

तेव्हा कुठे ठकूबाईला रडू फुटले.

तिकडे रानात सात शिपाई अंगावरची माती झाडीत उठले. राजा अनवाणी रानात गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने कंद लावले. पुढल्या आषाढात राजाच्या पंगतीत पहिले पान रानाचे मांडले, आणि मग सगळी रयत जेवायला बसली.