जिनिंगच्या भिंतीवरची वायर

गावात घरच्या इंटरनेटच्या तीन वायरी होत्या. एकीला वेग चांगला, दुसरीचं बिल कमी, आणि तिसरी, नानासाहेब इंगोल्यांची, दोन्हींत मागं. तरी लोक इंगोल्यांचीच घेत. कारण बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीवरून तिन्ही काळ्या वायरी शेजारीशेजारी येत, नुसत्या नावाच्या पट्टीवरून ओळखायच्या. आणि दर आठवड्याला पहिल्या दोन तुटलेल्या सापडत. तुटक्या टोकांना हातभर लांब केस गुंडाळलेले असत.

"जिनिंगमध्ये मेलेली बाई माझ्या वायरीला शिवत नाही," नानासाहेब मिशीवरून हात फिरवत सांगत.

उकंडाजींची सून प्रणिता घरून नोकरी करायची. इंगोल्यांच्या वेगात तिचं काम उघडतच नव्हतं आणि वेगाची वायर टिकत नव्हती. "मामाजी, आता एकदा जरी लाइन गेली, तरी लेकराला सोडून पुण्याला जावं लागेल," ती रडवेली झाली.

उकंडाजींनी वेगाच्या वायरीची जोडणी घेतली आणि भर दुपारी एकटेच भिंतीशी गेले. वारा नसताना आतला जुना कापूस हलत होता. मानेवर कुणाचा तरी श्वास लागला, पण त्यांनी हातातलं काम पुरं केलं.

सकाळी प्रणिताचं काम चालू होतं आणि इंगोल्यांची वायर तुटली होती, केसांसकट.

"माझी कशी तुटली?" नानासाहेब चौकात कडाडले.

"सुनेनं कागदावर काढून दिलेली नावं जुळवून मी नुसत्या तुमच्या नि माझ्या पट्ट्यांची अदलाबदल केली," उकंडाजी हळू म्हणाले. "मला मेल्याला अक्षर कळत नाही, नानासाहेब. तुमच्या बाईला मात्र पट्टी वाचता येते. कोणत्या शाळेत घातली होती तिला?"

सगळा चौक हसला. भिंतीपलीकडून एक बाईही हसली, असं सांगणारे अजून आहेत.