पाचव्या दगडावरची खार

एका जंगलात एक खार राहत असे. राहत असे म्हणायचं एवढंच, बाळांनो, कारण घर असं तिला उरलं नव्हतं. पूर्वी ओढ्याकाठच्या जुन्या अर्जुनाच्या झाडात तिची ढोली होती. आत सावरीचा कापूस अंथरलेला. चार पिल्लांनी तिथंच डोळे उघडले होते. एकदा ती दाणे शोधायला गेली आणि राघूंचं जोडपं आत शिरून बसलं. आता ती पळसाच्या बेचक्यात काटक्या रचून राही आणि वारा सुटला की अंग चोरून घेई. पाण्याला जाताना मात्र जवळची वाट सोडून रोज अर्जुनाखालून वळसा घेई, घटकाभर मान वर करून बघे, नि मग पुढं जाई.

त्या जंगलाची एक रीत होती. भांडण झालं की टेकाडावरच्या पाच दगडांवर पाच पंच बसायचे. कुणी राजा नाही, वाघ नाही; ज्याची पाळी येईल त्याला बोलावणं जाई. पाचही दगड भरले तर निवाडा. एक जरी रिकामा राहिला, तर जागेत जो बसलाय त्याचीच ती जागा, आणि ती गोष्ट पुन्हा काढायची नाही. खारीच्या वेळी चार पंच आले. पाचवं बोलावणं गेलं होतं साळूला, म्हणजे अंगभर काटे असलेल्या साळिंदराला. ती बिळातूनच म्हणाली, "मला काय त्याचं? पंचांचं आधीच ठरलेलं असतं. मी आले काय नि न आले काय, सारखंच." खार बिचारी ऊन उतरेपर्यंत त्या रिकाम्या दगडाकडं बघत उभी होती.

दोन वर्षांनी साळूवरच वेळ आली. ओढा आटला म्हणून ती महिनाभर खालच्या डोहाकडं राहून आली, तर तिच्या बिळात कोल्हा! "हे बीळ मी खणलंय," तो म्हणाला. पंचांना बोलावणी गेली. मोर, कासव, घोरपड, मुंगूस आणि पाचवी खार.

भर दुपारी कोल्हा पळसाखाली आला. "खारूताई, बरी आहेस ना? माझ्या बाजूनं बोल, असं मी मुळीच म्हणत नाही हं. तू नुसती येऊ नकोस. डोळा लागला म्हणावं. तिनं तरी तुझ्या वेळी दुसरं काय केलं होतं?"

तो गेला. साळूबद्दल खोटं काही तो बोलला नव्हता. खार उतरली, अर्जुनाखाली जाऊन उभी राहिली. ढोलीच्या तोंडाशी सावरीचा एक पुंजका अजून अडकून होता. तिला वाटलं, एकदा, फक्त एकदा, आत जाऊन त्या कापसात अंग टाकावं. पण आतून राघूची पिल्लं ओरडली. मग तिच्या डोळ्यांपुढं आला तो दगड. ऊन उतरेपर्यंत रिकामा राहिलेला. ती वळली आणि टेकाड चढू लागली.

"आलीस होय!" मुंगूस म्हणालं. "आम्हाला वाटलं, आज तू साळूची परतफेड करणार."

"मला बसू द्या आधी," खार म्हणाली. साळूनं मान खाली घातली.

पंचांनी बीळ बघितलं. आत खोलवर चितळाचं एक झडलेलं शिंग सापडलं, सगळीकडून खाल्लेलं. "ते मी कुरतडलंय, किती पावसाळे झाले त्याला," साळू म्हणाली. कोल्हा हसला, "मीच चघळलंय ते."

"कोल्ह्याच्या घरात हाडं नाहीत तर काय फुलं असणार?" मोर म्हणाला. कासवानंही होकाराची मान डोलावली. घोरपड आणि मुंगूस साळूच्या बाजूचे. दोन इकडं, दोन तिकडं. सगळे खारीकडं बघू लागले.

खारीनं शिंग फिरवून बघितलं. सुताराच्या पटाशीनं तासावं तशा जोडीजोडीनं खुणा होत्या. तसे कुरतडणारे दात साळूला असतात, आणि पाच पंचांत ते फक्त खारीलाच होते. ती गप्प बसली असती, तर कुणाला काही कळलंही नसतं. तिनं त्या खुणांशेजारीच शिंग कुरतडलं. अगदी तशीच जोडखूण उमटली, जरा लहान.

"आता तुम्ही चावून दाखवा, कोल्हेदादा."

कोल्हा चावला. सुळ्याचं भोक पडलं, तशी जोडखूण काही उमटली नाही. मोरानं मान खाली घातली. पाचही पंच एकमुखानं म्हणाले, "बीळ साळूचं."

सगळे पांगल्यावर साळू जवळ आली. "खारूताई, तुझी ढोली..."

"ती गोष्ट पुन्हा निघत नाही, साळूबाई."

"मग माझ्यासाठी कशाला आलीस गं?"

"तुझ्यासाठी कुठं? दगड रिकामा राहू नये म्हणून आले."

पुढच्या वेळी पंचांत साळूलाही बोलावणं गेलं, तेव्हा ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. पाण्याला निघालेल्या खारीनं लांबून बघितलं. चार दगड अजून रिकामे आणि पाचव्यावर ते काट्यांचं गाठोडं. खारीला बरं वाटलं. मग तिनं जवळची वाट सोडली, अर्जुनाखालून वळसा घेतला, घटकाभर मान वर करून बघितलं, नि पुढं गेली.

तात्पर्य : न्याय कुठं मिळतो, म्हणत जो घरी बसतो, तोच न्यायाची एक जागा रिकामी ठेवतो, आणि आपलं दुःख बाजूला ठेवून जो त्या जागेवर बसतो, त्याच्यामुळं दुसऱ्याला तरी न्याय मिळतो.