माझ्यामागे ने हो!

एका गावात एक म्हातारी राहायची, एकटीच. सगळे तिला द्वारकाकाकू म्हणायचे. घर चांगलं तीन खोल्यांचं, पण त्यातल्या दोन खोल्या भांड्यांनी अडवलेल्या. हंडे, घागरी, पराती, पितळी डबे आणि पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेली चोवीस ताटं. पाहुणे कधी आले नाहीत, ते सोडा! काकू स्वतः चुलीशेजारी अंगाचं मुटकुळं करून निजायच्या.

कुणी काही मागितलं की काकूंचं उत्तर ठरलेलं. शेजारची अनसूया लेकीच्या उष्टावणासाठी परात आणि चांदीची वाटी मागायला आली. बाळाला पहिला भात चांदीच्या वाटीतून भरवायचा, अशी तिची हौस. काकू म्हणाल्या, "अगं, तुझ्याच आहेत त्या. माझ्यामागे ने हो!" हंडा मागणाऱ्या सुताराला तेच, ताटं मागणाऱ्या पुजाऱ्याला तेच. तोंडानं 'नाही' म्हणायचं नाही आणि हातानं चमचा द्यायचा नाही, अशी ही हुशारी.

आता, घरात बोलताना जपून बोलावं म्हणतात. वास्तू सगळं ऐकते आणि 'तथास्तु' म्हणते. काकूंना काय हे ठाऊक नव्हतं? पण सत्तरीच्या बाईला सांगणार कोण!

एके दुपारी काकू जरा आडव्या झाल्या होत्या. तोच माळ्यावरून आवाज आला. टक्. टक्. टक्. छिन्नीवर हातोडी बसत होती. भांड्यांवर नावं घालणारा कारागीर गावात एकच होता, आणि त्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. काकू ताडकन उठून बसल्या.

"कोण आहे रे मेल्या तिथं?" त्या ओरडल्या. आवाज थांबला. शिडी लावून त्या वर गेल्या. उंदीर नाही, मांजर नाही. परात तेवढी पालथी पडली होती आणि तिच्या काठावर ताजी, चकचकीत अक्षरं होती. 'कै. द्वारकाबाई यांच्या स्मरणार्थ. अनसूयेस.'

काकूंनी परात चिंचेनं घासली, राखेनं घासली. अक्षरं आणखीच उजळली.

दुसऱ्या दुपारी सुताराच्या हंड्यावर तेच उमटलं, मग पुजाऱ्याच्या ताटांवर. तिसऱ्या दुपारी सगळ्यांखाली मितीही आली, 'मार्गशीर्ष वद्य पंचमी'. काकूंनी पंचांग उघडलं. आज तृतीया होती.

"अगं बाई, म्हणजे परवाच!" पंचांग मिटत त्या म्हणाल्या.

पाणी प्यायला म्हणून त्यांनी तांब्या उचलला. तो मात्र कोरा होता. रोजच्या वापरातला तो, कुणाला 'माझ्यामागे ने' म्हणून सांगितलेला नव्हता. काकू त्या तांब्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

परात कमरेवर घेऊन त्या तशाच अनसूयेकडे गेल्या. "ही घे."

"काकू, बरं आहे ना तुम्हाला? ताप-बिप नाही ना?"

"घे म्हणते ना!"

अनसूयेनं परातीला हात लावला आणि काठावरची अक्षरं मुंग्यांसारखी हलली. काकूंच्या डोळ्यांदेखत तिथं दुसरीच ओळ उमटली. 'द्वारकाकाकूंकडून सप्रेम भेट.'

मग काय विचारता! तो दिवस आणि चतुर्थीचा अख्खा दिवस काकू भांडी वाटत गावभर फिरल्या. हंडा गेला, ताटं गेली, डबे गेले. रिकाम्या खोल्यांत त्यांचा खोकला घुमू लागला.

राहिली एक चांदीची वाटी. ती ट्रंकेच्या तळाशी होती. काकूंचा एकुलता एक मुलगा दीड वर्षाचा होऊन तापानं गेला, त्याची ती वाटी. पंचेचाळीस वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता.

पंचमीच्या सकाळी काकू ट्रंकेवरच बसून राहिल्या. "एवढी राहू दे रे बाबा," त्या घराला म्हणाल्या, "एवढी तरी." ट्रंकेच्या आतून उत्तर आलं. टक्. टक्. काकूंची पावलं गार पडली, मग गुडघे गार पडले. मरणाची भीती वाटली, पण त्याहून जास्त वाटलं ते वेगळंच. ही दिली तर माझ्या बाळाचं या जगात काय उरलं?

पलीकडून अनसूयेच्या लेकीचं, छकुलीचं रडणं ऐकू आलं. आज तिचं उष्टावण होतं. भुकेचं रडणं होतं ते. काकूंनी ट्रंक उघडली. वाटी अंधारात काळी पडली होती. त्यांनी ती पदरानं पुसली आणि भिंत धरत, गारठलेले पाय ओढत उंबरा ओलांडला.

"काकू, ही तर तुमच्या बाळाची ना?" अनसूया म्हणाली. तिला ती घ्यायचा धीर होईना.

"हो, त्याचीच. भात घाल तीत. थंड होतोय."

छकुलीनं पहिला घास गिळला आणि वाटी दोन्ही हातांनी ओढून तोंडात घातली. काकू हसल्या, आणि मग सगळ्यांसमोर ढसाढसा रडल्या. पायांत ऊब आली ते त्यांना कळलंही नाही.

पंचमी सरली. काकू मधल्या खोलीत पाय पसरून निजल्या, कित्येक वर्षांनी. सकाळी तांब्या उलटसुलट करून पाहिला. कोराच होता.

अनसूया लेकीला घेऊन आली तेव्हा छकुली मोकळ्या जमिनीवर खुशाल रांगत सुटली. "रोज येत जा गं माझ्याकडे," काकू तिला म्हणाल्या.

रिकाम्या माळ्यावरून, अगदी हलक्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "तथास्तु."

तात्पर्य: 'माझ्यामागे' द्यायचं ते हात चालताहेत तोवर आपल्या हातानं द्यावं, आणि घरात तेवढंच ठेवावं जे रोज हाताळतो.