वाकलेली नाचणी

समुद्राकाठी केळीच्या आणि भाजीच्या वाड्यांचं एक गाव होतं. गावात एक चर्च होतं, चर्चला लागून एक लहानशी शाळा होती, आणि शाळेच्या बालवर्गात एक मुलगी होती, जी कधीच बोलत नसे.

घरी ती बोले. कोंबड्यांशी बोले, रहाटाशी बोले, झोपेतसुद्धा बोले. शाळेचं फाटक आलं की तिचे ओठ मिटत. तिचं नाव सिसिल.

मुख्य सिस्टरांनी तिच्या आईला बोलावून सांगितलं होतं, "नाताळपर्यंत वाट पाहू. तोवर पोरीच्या तोंडून एक वाक्य तरी निघालं पाहिजे. नाहीतर तिला वरच्या वर्गात कसं घालणार? तिचे सोबती पुढे जातील आणि ती इथेच राहील."

त्या दिवसापासून आईला घास गोड लागेना. गावात तिला सगळे वाडीवाली म्हणत. तिनं मातीत नुसतं बोट रोवलं तरी पालवी फुटेल, असा तिचा लौकिक. पण पोरीच्या ओठांवर तिचा इलाज चालत नव्हता.

गावची एक जुनी रीत होती. नाताळ जवळ आला की ताटलीत नाचणी पेरायची आणि हिरवी झाली की बाळ येशूच्या गोठ्याभोवती मांडायची. तेच गोठ्याचं शेत. दरवर्षी हे काम मोठी माणसं करत. त्या वर्षी बालवर्गाच्या सिस्टरांनी ते मुलांना दिलं. शाळा सुटताना, न्यायला आलेल्या आई-बापांसमोर, प्रत्येकाच्या मुठीत नाचणी घालून त्या म्हणाल्या, "ही घरी पेरा. रोज तिच्याकडे बघा. काय बघितलंत ते गोठ्यापाशी मला सांगायचं. आणि आई-बाबांनो, तुम्ही हात लावायचा नाही."

मुलांनी सगळं ऐकलं. आई-बापांनी एवढंच ऐकलं, की ताटल्या गावासमोर मांडल्या जाणार.

झालं! गाव सगळं पिकवणाऱ्यांचं. ज्याची त्याची अब्रू हिरवेपणात अडकलेली. कुणी शेणखत चाळून घातलं, कुणी दोरी धरून ओळी आखल्या. पोरं जवळ आली की, "हो बाजूला, बिघडवशील!" मुलांच्या हातातलं काम मोठ्यांनी दिवसाढवळ्या पळवलं, आणि गावात एकालाही ती चोरी वाटली नाही.

सिसिलची आई बाजाराच्या घाईत होती, म्हणून सिसिलनं आपली नाचणी आपणच पेरली. एका जागी ढीग पडला, दुसरीकडे टक्कल राहिलं. ताटली तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली.

एका सकाळी ती ओरडली, "आई, नाचणी उठली!"

मग एके दिवशी म्हणाली, "आई, ही खिडकीबाहेर बघते."

तिनं ताटली उलटी फिरवली. कोंब घराच्या आत बघू लागले. पण काही तासांनी पाहते तो काय! सगळे हळूहळू पुन्हा खिडकीकडे वळलेले.

"आई, मी फिरवली तरी ती परत वळली! हिला डोळे आहेत का गं?"

आई मेथीच्या जुड्या बांधत होती. "रोपं तशीच असतात, बाय. सरक, जुडीवर पाय देशील."

आईनं आयुष्यभर रोपं पाहिली होती. इतकी पाहिली होती की आता तिला ती दिसत नव्हती.

दुपारी शेजारची कतरीनमावशी मीठ मागायला आली आणि खिडकीशी थबकली. "अगं बाई, ही वाडीवालीच्या घरची नाचणी? ताडी प्यायल्यासारखी एका अंगावर झुकलीय! गोठ्याशी ठेवलीस तर मातीची गायसुद्धा तोंड फिरवेल."

आईला ते झोंबलं. त्याहून मोठी भीती मनात होतीच. पोरगी तर बोलणार नाही, निदान तिची ताटली तरी उठून दिसू दे, असं तिला वाटलं. तिनं वाकडी ताटली उचलली, बाहेरच्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवली आणि दार लावून घेतलं. वाडीत दुसरी ताटली तिनं आधीच पेरून ठेवली होती, सरळ आणि दाट.

"माझी नाचणी कुठंय?" सिसिल रोज विचारी.

"झाकून ठेवलीय. नजर लागते. गोठ्यापाशीच बघ आता."

नाताळच्या आधीचा रविवार आला. मिस्साची प्रार्थना संपल्यावर सगळं गाव गोठ्याभोवती जमलं. ताटल्या अशा हिरव्यागार, की लोक वाहवा करत राहिले. सिस्टर मुलांसमोर जमिनीवर बसल्या आणि पहिल्या मुलाला त्यांनी विचारलं, "तू काय बघितलंस?"

"मी नाही, बाबांनी बघितलं."

लोक खो-खो हसले.

"आणि तू?"

"मला कुणी जवळच जाऊ दिलं नाही, सिस्टर."

आता हसू जरा कमी झालं. तिसऱ्या-चौथ्या मुलानंतर कुणीच हसेना.

सिसिलची पाळी आली. तिनं आपल्या नावाच्या ताटलीकडे पाहिलं. विंचरल्यासारखी सरळ, गर्द हिरवी नाचणी.

सिसिलचे ओठ हलले. "ही माझी नाही."

मुख्य सिस्टरांनी मान वर केली. शाळेनं त्या पोरीचा आवाज पहिल्यांदा ऐकला होता.

"माझी उजेडाकडे वळते," सिसिल म्हणाली. "ही कुणाकडेच बघत नाही."

"असं कसं? तुझीच आहे गं!" कतरीनमावशी मध्ये पडली. "वाढलीय म्हणून ओळखू येत नाही. काय गं वाडीवाली?"

सगळे आईकडे वळले. तिनं नुसती मान हलवली असती तरी गावानं तिच्यावरच विश्वास ठेवला असता. तिच्या हाताची कीर्तीही शाबूत राहिली असती. पण सिसिल तिच्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ हळूहळू मिटू लागले होते.

"पोरगी खरं बोलतेय," आई म्हणाली. "मी बदलली. तिची घरी कपाटात आहे."

कुजबुज झाली, कुणी चुकचुकलं. आई थांबली नाही. तिनं सिसिलचा हात धरला आणि ती घराकडे निघाली. घर चर्चच्या गल्लीतच होतं. मागोमाग सिस्टर निघाल्या, आणि मग सगळं गावच निघालं.

आईनं कपाटाचं दार उघडलं आणि ती जागच्या जागी थिजली.

अंधारात राहून नाचणी पिवळी पडली होती. दोऱ्यासारखी बारीक, लांबलचक झाली होती. पण मेली नव्हती. त्या कपाटाचं कुलूप कधीच मोडलं होतं, त्याचं भोक तेवढं उरलं होतं. त्या भोकातून आत येत असेल ती मोहरीएवढी उजेडाची तिरीप. आणि ताटलीतला प्रत्येक कोंब, ढिगातला आणि टकलाच्या कडेचाही, मान ताणून त्या भोकाकडे झुकला होता. एकाचं टोक तर त्याला जाऊन टेकलं होतं.

जन्मभर मातीत राबलेली माणसं पाळीपाळीनं पुढे आली, कपाटात वाकली आणि टोप्या काढून बाजूला झाली. कतरीनमावशीनं पायातल्या चपला काढल्या.

"हिला कुणी सांगितलं, उजेड कुठं आहे?" आईनं विचारलं.

"कुणी नाही, आई. तिनंच शोधला."

सिसिलनं ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि ती चर्चकडे निघाली. नाचणी कधी उठली, कशी वळली, फिरवल्यावर काय झालं, सगळं ती सांगू लागली. शाळेचं फाटक आलं, ते ओलांडलं, तरी तिचं बोलणं थांबलं नाही. पुढे एक लहान मुलगी बोलत चालली होती, आणि मागून सगळं गाव गप्प ऐकत चाललं होतं.

तात्पर्य, आणि ते मोठ्यांनीच ऐकावं: मुलाचं काम हिसकावून तुम्ही ते जास्त सुंदर करून दाखवाल, पण ते करताना मुलाला जे नवल दिसणार होतं, ते तुम्ही त्याला कुठूनही आणून देऊ शकणार नाही.