पेटीवरचं नाव

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला राहायला आलो, तेव्हा टपालपेटीवर जुन्या भाडेकरूचं, क्लाइनचं, नाव तसंच राहिलं. आळस आमचाच. त्या क्लाइननं कुणाचं तरी कर्ज बुडवलेलं. मग कोर्टाच्या बेलिफचं पत्र आलं, की मंगळवारी क्लाइनच्या सामानाची जप्ती करायला येतोय. आमच्याकडे जप्त करण्यासारखं एकच होतं, आईचं शिलाई मशीन. घर त्याच्यावरच चालायचं.

आईनं फोन करून सांगितलं, की तो माणूस इथे राहतच नाही. बेलिफ श्रोडर गुरकावले, "बाई, पेटीवर ज्याचं नाव, तो त्या घरात राहतो. मला शिकवू नका."

मी म्हटलं, "आई, साहेब म्हणतात तर म्हणतात. ऐकू त्यांचं."

मंगळवारी श्रोडर कडक इस्त्रीच्या कोटात हजर झाले. मी दार उघडलं आणि त्यांच्या हातात झाडू दिला.

"हे काय?"

"साहेब, या इमारतीत जिना झाडायची दर आठवड्याला पाळी असते. आज आपल्या घराची आहे."

"आपल्या? मी कुठे इथे राहतो?"

"पेटी बघून या की."

ते खाली जाऊन बघून आले. पेटीवरचा क्लाइन गेला होता आणि तिथे माझ्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, ‘श्रोडर’.

"अरे, नुसतं नाव चिकटवलं म्हणून माणूस तिथे राहायला लागतो का?"

"आई फोनवर तेच सांगत होती, साहेब."

श्रोडरनी कागदावर लिहिलं, ‘कर्जदार इथे राहत नाही.’ आणि गेले. जिना मात्र मलाच झाडावा लागला.