वर गेलेलं पारडं

एका गावाबाहेर, चुनखडीच्या खडकाशी, चुन्याची एक भट्टी होती. गोजरा आणि तिचा धाकटा भाऊ रावबा ती चालवत. आजवर भाजलेल्या दगडांच्या पाट्या वडीलच उतरवायचे. ते गेले आणि ते काम गोजराकडे आलं. पहिलीच पाटी तिनं डोक्यावर घेतली आणि ती दचकली. पाटी नेहमीसारखी शिगोशीग होती, पण कच्च्या दगडांच्या पाटीपेक्षा हलकी लागली.

गोजरा मुळातच उतावळी. मनात आलं ते तोंडून निघून गेलं.

“चांगला दगड कुणाला दिलास, रावबा? भट्टीत पोकळ दगड रचलेस ना?”

रावबा हसला. “दगडातलं वजन काय मी खाल्लं, आक्का?”

“भट्टीपाशी तूच होतास. दुसरं कोण खाणार?”

त्याचं हसू मावळलं. घोंगडी खांद्यावर टाकून तो ओढ्यापलीकडे मामाच्या मळ्यात राहायला गेला.

पुढची भट्टी गोजरानं एकटीनं रचली. सारख्या वजनाचे दोन दगड तराजूवर पारखून घेतले. एक भट्टीत ठेवला, एक घरी. आग विझल्यावर भाजलेला दगड तिनं घरच्या दगडासमोर पारड्यात ठेवला. पारडं वर गेलं. या खेपेला भट्टीपाशी तिच्याशिवाय कुणीच नव्हतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भावाला हाक मारायला जीभ उचलेना. तराजू तिनं पडवीत तसाच टांगून ठेवला. सवयीनं ती रोज दोघांच्या भाकऱ्या थापायची, एकाच्या उरायच्या. जेवताना घास हातात राहायचा आणि नजर ओढ्याकडे लागायची.

इकडे पारड्यातला भाजलेला दगड हवेनं फुलला, फुटला, त्याची भुकटी झाली. आणि पारडं नखानखानं खाली येऊ लागलं. काही महिन्यांनी एका सकाळी दोन्ही पारडी एका रेषेत आली. आगीनं दगडातलं जे हवेत सोडलं होतं, ते हवेनं परत आणून दिलं होतं.

गोजरा तशीच ओढ्यावर गेली.

“रावबा, तू काही नेलं नव्हतंस. हवेत गेलं होतं ते. परत आलंय.”

तिनं आणखी मोठ्यानं हाक दिली.

“चुकलं माझं. तूही ये.”

पलीकडच्या मळ्याच्या बांधावरची घोंगडी हलली.

“माझ्या भाकऱ्या अजून थापतेस का गं, आक्का?”

तात्पर्य: दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते; ती कुठे गेली हे शोधण्याआधी जवळच्या माणसावर आळ घेऊ नये, आणि घेतलाच तर चूक कबूल करून त्याला परत बोलवायला लाजू नये.